विमानाची बदनामी आणि विम्याचा हप्ता



विमान वर चढवायचे असेल, तर आधी त्याचा विमा उतरवावा लागतो. मराठी भाषेची ही गंमत माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला दाखवली. हा मुलगा आमच्या प्रभादेवीचाच. बारावीला माझ्या वर्गात होता. अभ्यासात बरा, पण लक्ष सगळे खिडकीबाहेर. उत्तरेच्या आकाशात समुद्रावरून चढत जाणारे विमान दिसले, की फळ्यावरच्या प्रकाशाच्या अपवर्तनाला त्याच्या दृष्टीने काही किंमत उरत नसे. वयाच्या १९ व्या वर्षी त्याने घरी जाहीर केले, की आपण विमान चालवायला शिकणार.

हे ऐकून तुम्हांला वाटेल, की हा श्रीमंतांचा शौक. पैशाच्या बाबतीत ते पुष्कळसे खरेही आहे. पण नियमाने पाहाल तर दार तुमच्यासाठीही उघडेच आहे. आपल्या देशात १६ वर्षे पुरी झाली, की वैद्यकीय तपासणी आणि परीक्षा देऊन शिकाऊ वैमानिकाचा परवाना मिळवता येतो. १७ वर्षे पुरी झाली आणि निदान ४० तासांचे उड्डाण पदरी पडले, की खासगी वैमानिकाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. या मुलाने हे सारे आधीच पाठ केले होते.

आणि नेमक्या त्याच दिवसांत, २८ जून २०१८ रोजी दुपारी, घाटकोपरच्या भरवस्तीत एक छोटे विमान कोसळले. जुहूहून चाचणीसाठी उडालेले हे विमान बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीजवळ पडले. विमानातले चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जण गेले. दोन-तीन दिवसांनी मुलाची आई माझ्याकडे आली.

"सर, तुम्ही विज्ञान शिकवता. ह्याला जरा समजवा. घाटकोपरला काय झालं ते बघितलंत ना? छोट्या विमानात बसायचं म्हणजे जीव मुठीत धरूनच बसायचं."

मी मास्तरकीच्या सवयीने लगेच उत्तर दिले. म्हटले, "ताई, आपल्या लोकलच्या मार्गांवर वर्षाला सुमारे ३००० माणसे दगावतात. म्हणून आपण लोकलने जायचे सोडतो का?"

त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, लोकलने तर लाखो माणसं रोज जातात. ह्या छोट्या विमानात बसणारी माणसं किती?"

मित्रांनो, मी एम.एस्सी. झालेला माणूस, वीसेक वर्षे पदार्थविज्ञान शिकवतो आहे. पण त्या दिवशी अपूर्णांक मी चुकीचा मांडला होता. मी फक्त अंश सांगितला. त्यांनी छेद विचारला.

आता तो हिशेब नीट करून पाहू. त्या काळी मुंबईच्या लोकलने रोज साधारण ७५ लाख फेऱ्या होत. वर्षाचे ३६५ दिवस धरले तर सुमारे २७४ कोटी फेऱ्या. त्यांत ३००० मृत्यू, म्हणजे ९ लाख फेऱ्यांमागे १. यांतले कितीतरी मृत्यू रूळ ओलांडताना झालेले, ते वजा केले तर डब्यातल्या प्रवाशाची जोखीम आणखी कमी. एक फेरी ढोबळ मानाने एक तासाची समजा. आता छोट्या विमानांचे पाहा. अशा विमानांची सर्वांत मोठी नोंद अमेरिकेत आहे, कारण तिथे ती सुमारे २ लाख आहेत. तिथल्या गेल्या काही वर्षांच्या नोंदींप्रमाणे साधारण १ लाख उड्डाण-तासांमागे १ जीवघेणा अपघात होतो. ९ लाखांत एक कुठे आणि १ लाखात एक कुठे! तासांच्या हिशेबाने छोटे विमान मोटारसायकलच्या पंगतीला बसते. मोठ्या प्रवासी विमानांशी तर तुलनाच नको, ती कितीतरी पटींनी सुरक्षित आहेत.

म्हणजे त्या आईची भीती खुळचट नव्हती. छोट्या विमानांची वकिली करणारी मंडळी "मोटारीपेक्षा विमान सुरक्षित" असे ठोकून देतात, तेव्हा ती मोठ्या विमानांचे आकडे छोट्या विमानांच्या नावावर खपवत असतात. तो अप्रामाणिकपणा आहे, आणि त्याने विमानविद्येचे भले होत नाही.

पण उलट बाजूनेही तशीच लबाडी होते. घाटकोपरला पडलेले विमान दोन टर्बाइन इंजिनांचे होते. हौशी वैमानिक शिकतात ते दोन किंवा चार आसनांचे एक-इंजिनी विमान हा निराळाच प्राणी आहे. बातमीत मात्र दोन्ही "छोटे विमान" म्हणूनच छापली जातात. रिक्षा आणि मालट्रक यांना एकाच नावाने हाक मारल्यासारखे हे झाले.

आता विमानाची बदनामी होते कशी, ते पाहू. त्यासाठी मी वर्गात एक खेळ घेतो. तो तुम्हीही करून पाहा. एका पिशवीत १०० चिंचोके घ्या. त्यांतला एक चुन्याने पांढरा करा. न बघता एक चिंचोका काढा, रंग लिहून ठेवा, चिंचोका परत पिशवीत टाका, पिशवी हलवा. असे १०० वेळा करा. समजा, एका जातीची १०० विमाने आहेत आणि प्रत्येकाला वर्षभरात अपघात होण्याची शक्यता १०० त १ आहे. तुमच्या शंभर खेपा म्हणजे त्या विमानांचे एक वर्ष.

आमच्या वर्गाने अशी आठ वर्षे काढली. अपघात निघाले ते असे : १, ०, २, ०, ०, ३, १, २. सहाव्या वर्षी तिसरा पांढरा चिंचोका निघाला, तेव्हा मागच्या बाकावरून आरोळी आली, "पनवती विमान!" आणि पिशवीत तर काहीच बदलले नव्हते. त्याआधीच्या दोन वर्षी एकही अपघात नव्हता, तेव्हा हेच विमान "एकदम सेफ" होते.

गणिताने पाहिले तरी हेच दिसते. सरासरी एक अपघात अपेक्षित असताना मुळीच अपघात न होण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के, एक होण्याची तितकीच, आणि दोन किंवा अधिक होण्याची सुमारे २६ टक्के. म्हणजे दर चार वर्षांत एखादे वर्ष असे येणारच, की निर्दोष विमानही वर्तमानपत्रांत बदनाम होईल. किरणोत्सारी पदार्थाच्या प्रयोगात गायगर गणित्राचे आकडे असेच मागेपुढे होतात. अपेक्षित संख्या १०० असेल तर चढउतार १० च्या आसपास, म्हणजे दहा टक्के. अपेक्षित संख्या १ असेल तर चढउतारही १ चाच, म्हणजे शंभर टक्के!

आता विमा कंपनीच्या खुर्चीत बसा. विमान १ कोटीचे आहे आणि ते नष्ट होण्याची शक्यता वर्षाला १०० त १ आहे. तेव्हा न्याय्य हप्ता १ लाख. १०० विमानांचे १ कोटी जमले. पण चार वर्षांतून एकदा कंपनीला २ कोटी किंवा त्याहूनही जास्त द्यावे लागतील. ते कुठून आणायचे? म्हणून ती न्याय्य हप्त्यावर मोठी गादी घालून घेते. तिच्याकडे १०,००० विमाने असती, तर पुष्कळ पातळ गादीने भागले असते. आपल्या देशात खासगी छोट्या विमानांची गणती शेकड्यांतच संपते. आपल्या वैमानिकांना हप्ता जड जातो, त्याचे एक मोठे कारण हे आहे. त्यात कुणाचा दुष्टावा शोधायला नको. हा लहान संख्यांचा स्वभाव आहे.

याचे टोकाचे उदाहरण आपल्याच शहरातले आहे. अमोल यादव या वैमानिकाने कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, आणि २०१७ साली त्याची रीतसर नोंदणी झाली. त्या जातीचे ते जगातले एकच विमान. नोंदणी झाली त्या दिवशी अपघात शून्य आणि उड्डाणाचे तासही शून्य. शून्य भागिले शून्य! कोणत्या विमा-गणितज्ञाने त्याचा हप्ता काढावा?

मग बदनामी नेहमी खोटीच असते का? नाही. हे मला आग्रहाने सांगितले पाहिजे, कारण "सगळा योगायोगच" असे म्हणणे हाही आळसच. जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळाला आणि १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले, हे तुम्ही वाचले असेल. ते विमान होते 'पस मॉथ' जातीचे. याच जातीची विमाने त्या वर्षांत जगाच्या निरनिराळ्या भागांत एकामागून एक हवेतच मोडून पडत होती! टाटांच्या उड्डाणानंतर तीनच महिन्यांनी, जानेवारी १९३३ मध्ये, बर्ट हिंकलर हा नामांकित ऑस्ट्रेलियन वैमानिक इटलीच्या डोंगरात पस मॉथसह कोसळून मरण पावला. तज्ज्ञांनी अवशेष तपासले, चाचण्या केल्या, आणि खळबळत्या हवेत पंख दगा देतो असे त्यांना आढळले. पंखाला आधार देणाऱ्या पुढच्या दांड्याला बळकटी दिली गेली. इथे बदनामी खरी होती आणि तिला एक कारण होते. ते कारण बोटाने दाखवता आले, म्हणून दुरुस्त करता आले. योगायोगाने आलेल्या बदनामीत असे बोट ठेवायला जागाच सापडत नाही.

तिसरा प्रकार सर्वांत जास्त आढळतो. त्यात विमान ठीक असते, पण त्यात बसणारा माणूस त्याच्यापेक्षा मागे असतो. अमेरिकेत १९४७ पासून बनलेल्या, इंग्रजी 'व्ही' अक्षरासारख्या शेपटीच्या बोनान्झा विमानाला लोकांनी "डॉक्टरांचा काळ" अशा अर्थाचे नाव ठेवले. शेपटीत काही दोष होता आणि पुढे ती मजबूत करायला लावली, हे खरे. पण नावामागचे कारण वेगळे होते. पैसा भरपूर आणि उड्डाणाचे तास थोडे अशी मंडळी हे वेगवान विमान घेत आणि वाईट हवेत शिरत.

अशा अपघातांमागचे पदार्थविज्ञान तुम्हांला समजण्याजोगे आहे. पंखाचे वर उचलणारे बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. वेग कमी झाला आणि वैमानिकाने नाक वर ओढून धरले, की एका मर्यादेनंतर पंखावरची हवा सुरळीत वाहीनाशी होते आणि हे बल एकदम घटते. याला वैमानिक 'स्टॉल' म्हणतात. सरळ उडताना एखादे विमान ताशी ९० किलोमीटरला स्टॉल होत असेल, तर तिरपे होऊन वळताना ते अधिक वेगालाच होते. कारण बलाचा काही भाग आता विमानाला वळवण्यात खर्ची पडतो. उंची टिकवायची तर एकूण बल वजनाला तिरपेपणाच्या कोनाच्या कोसाइनने भागून येईल तितके लागते, आणि स्टॉलचा वेग त्याच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतो. ३० अंशांना हा वेग ९७, ४५ अंशांना १०७, आणि ६० अंशांना थेट १२७ किलोमीटर. आता कल्पना करा. वैमानिक उतरण्यासाठी वळतो आहे, वेग ११०, उंची दीडशे मीटर. धावपट्टीची रेषा चुकली म्हणून तो वळण आणखी आवळतो. सरळ उडताना सुरक्षित असलेला तोच वेग आता पुरत नाही, आणि सावरायला उंची नाही. हे कोणत्याही कंपनीच्या विमानात होईल. वर्तमानपत्रात मात्र कंपनीचे नाव येईल.

सेसना १७२ हे विमान १९५६ पासून विकले जात आहे. आजवर ४४,००० हून अधिक बनली. ते संथ आहे, हीच त्याची थोरवी. जमिनीवर आदळताना जिरवावी लागणारी गतिज ऊर्जाही वेगाच्या वर्गाप्रमाणेच असते, म्हणून निम्म्या वेगाला एक चतुर्थांश मार. याउलट सिरस कंपनीने आपल्या वेगवान विमानाला, म्हणजे पूर्ण विमानाला, हवाई छत्री बसवली. १९९८ साली त्याला प्रमाणपत्र मिळाले. सर्वांना वाटले, आता अपघाती मृत्यू संपलेच. पण पहिल्या काही वर्षांची नोंद काही विशेष चांगली निघाली नाही, आणि विमा कंपन्यांनी हप्तेही चढेच ठेवले. संकटात सापडलेले वैमानिक छत्रीची मूठ ओढतच नव्हते, किंवा फार उशिरा ओढत होते! "वेळेवर ओढा" हे प्रशिक्षणात घोटून घेतले, तेव्हा मृत्यूंचे प्रमाण घटले.

म्हणूनच विमा कंपनी विमानाच्या जातीबरोबर आणखी काही विचारते. वैमानिकाचे एकूण तास किती? याच जातीच्या विमानावर किती? गेल्या तीन महिन्यांत किती? या प्रश्नांची उत्तरे बरी असतील, तर हप्ता उतरतो. मला हे फार शहाणपणाचे वाटते. बदनामीच्या गोंगाटात नेमका प्रश्न विचारणारी, त्या आईखालोखाल, हीच एक संस्था.

पण विम्याचे शहाणपण धंद्याला मारूही शकते. अमेरिकेत १९७८ साली १७,८११ छोटी-मोठी खासगी वापराची विमाने तयार झाली. १९९४ साली फक्त ९२८. तीस-चाळीस वर्षे जुने विमान पडले तरी कारखानदारावर खटले भरले जात, आणि त्यासाठीच्या विम्याचा बोजा प्रत्येक नव्या विमानाच्या किमतीवर पडे. सेसनाने १९८६ साली एक-इंजिनी पिस्टन विमाने बनवणेच बंद केले. सगळा दोष विम्याचा नव्हता, जुनी विमाने स्वस्तात मिळत होती हेही खरे. पण १९९४ साली कायद्याने कारखानदाराची जबाबदारी १८ वर्षांपुरती मर्यादित केली, आणि दोन वर्षांत सेसनाने पुन्हा कारखाना उघडला. मधल्या काळात वैमानिक म्हातारी होत चाललेली विमाने उडवत राहिले. त्यात सुरक्षितता कोणती?

आपल्याकडे हे चक्र निराळ्या वाटेने फिरते. हप्ता जड, म्हणून उड्डाणाचा तास महाग. तास महाग, म्हणून हौशी वैमानिक परवाना टिकवण्यापुरताच उडतो. कमी उडतो, म्हणून हात गंजतो. हात गंजला की जोखीम वाढते, आणि जोखीम वाढली की हप्ता. यावर "सरकारने हप्ता कमी करावा" ही मागणी मला पटत नाही. तापमापीवरचा पारा बोटाने खाली ढकलण्याचा तो प्रकार आहे. फ्लाइंग क्लबांनी एकत्र येऊन एकच मोठा विमा उतरवावा, म्हणजे संख्या वाढेल आणि गादी पातळ होईल. दर सहा महिन्यांनी प्रशिक्षकाबरोबर उजळणी करणाऱ्याला हप्त्यात ठसठशीत सूट असावी. आणि प्रत्येक क्लबने वर्षाच्या शेवटी आपले एकूण उड्डाण-तास आणि अपघात, अगदी धावपट्टीवरून घसरण्यासारखे किरकोळसुद्धा, दारावर लावावेत. क्लबांना हे आवडणार नाही. बदनामीची भीती! पण छेद लपवला की लोक आपल्या मनाचा छेद घालतात, आणि तो नेहमी लहानच असतो.

जुहूचे विमानतळ आणि बॉम्बे फ्लाइंग क्लब दोन्ही १९२८ चे. आता जुहूला वर्दळ मुख्यतः हेलिकॉप्टरांची. शिकाऊ वैमानिकांना धुळे, शिरपूर, बारामती, गोंदिया अशा ठिकाणी जावे लागते. आमचा विद्यार्थीही असाच खानदेशात गेला. जाण्यापूर्वी मी त्याला आणि त्याच्या आईला समोर बसवून हिशेब मांडला. १ लाख तासांत १, तर ४० तासांत २५०० त १. प्रशिक्षकाबरोबरच्या उड्डाणांत याहून कमी, परवाना मिळाल्यावर स्वतःच्या हौसेने केलेल्या उड्डाणांत जास्त. आकडे अमेरिकेचे आहेत, हेही सांगितले. त्या माउलीने कागद दोनदा वाचला. "म्हणजे धोका आहे," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "आहे." मग त्या मुलाकडे वळून म्हणाल्या, "घाईत वळायचं नाही. रेष चुकली तर परत फिरून यायचं."

त्याला परवाना मिळून आता काही वर्षे झाली. मध्यंतरी त्यांच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दाराशी कालनिर्णय टांगलेले होते. काही चौकोनांत दुधाच्या पिशव्यांच्या आकड्यांशेजारी पेन्सिलीने लिहिलेले होते : १.२, ०.८, १.५. ते उड्डाणाचे तास होते. त्याआधीचे दोन महिने चौकोन कोरे होते. मी विचारले तर त्या म्हणाल्या, "हप्ता भरायचा होता ना, म्हणून उडाला नाही. आता पहिल्यांदा मास्तरांना घेऊनच बस म्हटलंय."